ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, अँटिऑक्सिडंट प्रथिनं आणि प्रयोगशाळेतलं म्हातारपण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन प्रकारच्या लोकांकडून येतात. एक, नागपूर आणि आसपासच्या फार्मसी, बायोकेमिस्ट्री, प्राणिशास्त्राच्या विभागांत प्रबंध करणारी मुलं. दुसरे, सकाळी फुटाळ्यावर नाहीतर अंबाझरीला फिरणारी आणि कुठल्यातरी पाकिटावर ‘अँटिऑक्सिडंट’ वाचून आलेली ज्येष्ठ मंडळी. मुलांना रॅटचं म्हातारपण हवं असतं, ज्येष्ठांना स्वतःचं नको असतं. उत्तरं बरीचशी एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे पान एकच ठेवलं आहे. एकदा आलेली गोष्ट पुन्हा न सांगता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे टेन्शन घेतल्यावर होतो तोच का?

नाही. हा ताण पेशीच्या रसायनशास्त्रातला. मायटोकॉन्ड्रियात अन्नापासून ऊर्जा काढताना थोडा प्राणवायू अर्धवट वापरला जातो आणि त्यातून सुपरऑक्साइड तयार होतं. त्याचं पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. तिथे मोकळं लोह भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं आणि ते समोर येईल त्या मेदावर, प्रथिनावर, डीएनएवर तुटून पडतं. हे सगळं निरोगी शरीरातही चोवीस तास चालूच असतं. तयार होण्याचा वेग आवरण्याच्या वेगापेक्षा वाढला, की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणायचं. आवरणारे रेणू ते अँटिऑक्सिडंट.

एक गोष्ट पाकिटावर कधीच लिहिलेली नसते. पेशी हेच हायड्रोजन पेरॉक्साइड थोड्या प्रमाणात निरोप पोचवायलाही वापरते, आणि पांढऱ्या पेशी सुपरऑक्साइड सोडूनच जंतू मारतात. म्हणून ‘फ्री रॅडिकल (अशा तुटून पडणाऱ्या रेणूंचं नाव) म्हणजे विष’ असं सरसकट धरलं की पुढची सगळी उत्तरं उलटी वाटतील.

२. अँटिऑक्सिडंट प्रथिनं कोणती? ती व्हिटॅमिन सी, ई पेक्षा वेगळी कशी?

मुख्य तीन नावं लक्षात ठेवा. सुपरऑक्साइड डिसम्युटेज, म्हणजे आपण एसओडी म्हणतो ते, कॅटॅलेज, आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज. पेरॉक्सिरेडॉक्सिनचं नाव प्रबंधांत क्वचित येतं, पण पेशीतलं बरंचसं पेरॉक्साइड तेच निस्तरतं.

एसओडी सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, म्हणजे काम अर्ध्यावर आणून सोडतं. उरलेलं अर्धं कॅटॅलेज आणि पेरॉक्सिडेजवाले करतात. एसओडीचेही तीन प्रकार आहेत : पेशीद्रवातलं तांबं-जस्तवालं एसओडी १, मायटोकॉन्ड्रियातलं मँगनीजवालं एसओडी २ आणि पेशीबाहेरचं एसओडी ३. कोणतं कुठे बसतं हे पाठ करा, प्रश्न ४ मध्ये सगळा खेळ त्याच्यावरच आहे.

व्हिटॅमिनचा रेणू एका रॅडिकलला सामोरा गेला की खर्ची पडतो, त्याला पुन्हा कामावर आणायला दुसरं कोणीतरी लागतं. एन्झाइम खर्ची पडत नाही. कॅटॅलेजचा एक रेणू सेकंदाला लाखो पेरॉक्साइड रेणू फोडू शकतो. गंमत अशी, की एसओडीचं प्रथिन १९३८ पासून माहीत होतं, गाईबैलांच्या रक्तातलं तांब्याचं निळसर प्रथिन म्हणून. ते करतं काय, हे मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये दाखवलं.

३. म्हातारपण फ्री रॅडिकलमुळे येतं, हे तर सिद्ध झालंय ना?

नाही. १९५६ मध्ये डेनहॅम हार्मन यांनी ही कल्पना मांडली आणि १९७२ मध्ये तिचा रोख मायटोकॉन्ड्रियाकडे वळवला. कल्पना सुटसुटीत होती आणि पुरावेही जुळत होते : म्हाताऱ्या रॅटच्या यकृतात, मेंदूत ऑक्सिडीकरणाच्या खुणा जास्त दिसतात. पण वयाबरोबर केसही पांढरे होतात, म्हणून केस काळे केल्याने कोणी तरुण होत नाही. सोबत वाढणं आणि कारण असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारण तपासायचं तर ती प्रथिनं कमी-जास्त करून जनावर किती जगतं, हे बघावं लागतं. ते काम झालेलं आहे. पुढचा प्रश्न पाहा.

४. एसओडी नसलेले, जास्त असलेले माउस बनवले होते म्हणतात. त्यांचं काय झालं?

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच, म्हणून थोडं सविस्तर.

एसओडी २ चं जनुक पूर्ण काढलेली माउसची पिल्लं १९९५ च्या प्रयोगात दहा दिवसांच्या आत मेली. हृदय फुगलेलं, स्नायू दुबळे. म्हणजे हे प्रथिन जगायला लागतंच. एसओडी १ काढलेले माउस मोठे होतात, पण आयुष्य सुमारे ३० टक्क्यांनी घटतं, यकृताचा कॅन्सर होतो, स्नायू लवकर झिजतात. इथपर्यंत हार्मन यांचं म्हणणं बरोबर वाटतं.

आता गुंता बघा. एसओडी २ च्या दोनपैकी एकच प्रत असलेल्या माउसमध्ये प्रथिन निम्मं राहतं. २००३ मध्ये त्यांचा आयुष्यभराचा हिशेब आला. डीएनएवर ऑक्सिडीकरणाच्या खुणा जास्त होत्या, कॅन्सरही जास्त होता, आयुर्मान मात्र साध्या माउसइतकंच. नुकसान वाढलं आणि म्हातारपण जिथे होतं तिथेच राहिलं! उलट बाजूनेही तपासलं गेलं. एसओडी १, कॅटॅलेज, त्यांच्या जोड्या, अशी प्रथिनं जास्त बनवणारे माउस २००९ मध्ये मोजले गेले. एकाही गटाचं आयुष्य वाढलं नाही.

सी. एलिगन्स या बारीक कृमीत एसओडीची पाच जनुकं आहेत. पाचही काढली तरी तो नेहमीइतकाच जगतो, बाहेरून ताण दिला तर मात्र पटकन मरतो. आणि एकटं मायटोकॉन्ड्रियातलं एसओडी २ काढलं, तर तो नेहमीपेक्षा जास्त जगतो. ही ओळ मुलं वाचतात आणि छपाईची चूक समजतात. चूक नाही.

अपवाद एक आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. माणसाचं कॅटॅलेज माउसच्या मायटोकॉन्ड्रियात नेऊन बसवलं, तेव्हा (२००५) आयुष्य सुमारे पाच महिन्यांनी, म्हणजे २० टक्क्यांच्या आसपास वाढलं. तेच कॅटॅलेज पेशीकेंद्रकात बसवल्यावर फायदा नाही. कॅटॅलेज मुळात पेशीतल्या पेरॉक्सिसोम नावाच्या कप्प्यात राहतं, मायटोकॉन्ड्रिया हा त्याचा नेहमीचा पत्ता नव्हे. किती प्रथिन आहे यापेक्षा ते कुठे आहे याला महत्त्व, एवढं या एका प्रयोगातून घ्यायला हरकत नाही. ‘कॅटॅलेज वाढवा, आयुष्य वाढवा’ हे मात्र त्यातून निघत नाही.

५. नेकेड मोल रॅटचं उदाहरण परीक्षेत देऊ का?

जरूर द्या. माउसएवढाच जीव, पूर्व आफ्रिकेत जमिनीखाली राहणारा. माउस दोन-तीन वर्षं जगतो, हा तीस वर्षांच्या वर. आणि ऑक्सिडीकरणाचं नुकसान त्याच्यात तरुण वयातच माउसपेक्षा जास्त आढळतं. नुकसान आणि आयुष्य यांची गाठ सैल आहे, याला इतकं आटोपशीर दुसरं उदाहरण नाही.

६. मॅडम, आम्ही विस्टार जातीच्या रॅटला डी-गॅलॅक्टोज (एक साखर) देऊन एजिंग मॉडेल करून राहिलो. नंतर झाडपाल्याचा अर्क दिला, एसओडी वाढलं, एमडीए (मेदाच्या ऑक्सिडीकरणाची खूण) कमी झालं. ‘अँटी-एजिंग’ लिहू शकतो ना?

विदर्भातूनच नव्हे, देशभरातून येणाऱ्या निम्म्या प्रबंधांचा हा साचा आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. ‘अँटी-एजिंग’ लिहू नका.

सहा-आठ आठवडे रोज डी-गॅलॅक्टोज टोचलं की काय होतं? जादा गॅलॅक्टोज प्रथिनांना चिकटतं, त्याच्या चयापचयातून पेरॉक्साइड तयार होतं, मेंदूत आणि यकृतात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो, रॅटची आठवण कमी पडते. हे सगळं खरं आणि मोजता येण्यासारखं. पण ते जनावर म्हातारं झालेलं नाही, त्याला गॅलॅक्टोजची बाधा झाली आहे. त्यावर अँटिऑक्सिडंट अर्क देऊन एसओडी सुधारलं म्हणणं म्हणजे भिंतीवर आपणच डाग पाडायचा, आपणच पुसायचा आणि घर नवं बांधलं म्हणून सांगायचं. अर्क डाग पुसतो, एवढंच सिद्ध झालं.

मग शीर्षक काय द्यायचं? ‘डी-गॅलॅक्टोजने निर्माण केलेल्या ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसवर अमुक अर्काचा परिणाम.’ रुक्ष आहे, पण तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक तुम्हाला अडवणार नाहीत. जमलं तर एक गट खऱ्या म्हाताऱ्या जनावरांचा ठेवा. त्यासाठी पुढचा प्रश्न.

७. रॅट किती वयाचा झाला की म्हातारा धरायचा?

विस्टार साधारण अडीच-तीन वर्षं जगतो. दोन-अडीच महिन्यांत वयात येतो, पण वाढ त्यानंतरही चालू राहते. १८ महिन्यांच्या आधी ‘म्हातारा’ शब्द वापरू नये, २४ महिने झाले तर कोणी वाद घालणार नाही. प्रबंधात सर्रास असणारं ‘१५०–२०० ग्रॅमचे रॅट’ म्हणजे जेमतेम पौगंडातली पोरं.

दुसरी चूक म्हणजे दोन महिन्यांच्या रॅटशी २४ महिन्यांच्या रॅटची तुलना. त्यात वाढ आणि म्हातारपण एकत्र मिसळतं. मधला गट, सहा ते बारा महिन्यांचा, हवाच. अडचण मला कळते. एम.फार्म.चा अख्खा कोर्स दोन वर्षांचा आणि रॅट म्हातारा व्हायला तेवढाच वेळ. म्हणून तर डी-गॅलॅक्टोज लोकप्रिय झालं. सोय हे कारण चालतं, फक्त ते कारण म्हणूनच लिहायचं.

८. उन्हाळ्यात केलेल्या बॅचचे आकडे वेगळे येतात. आमचं काही चुकतंय का?

तुमचं नसेल, मे महिन्याचं असेल. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीच्या, म्हणजे सीसीएसईएच्या (जुनी मंडळी अजून सीपीसीएसईएच म्हणतात) मार्गदर्शक सूचनांत ॲनिमल हाउसचं तापमान १८ ते २९ अंश आणि आर्द्रता ३० ते ७० टक्के अशी मर्यादा आहे. प्रबंधात सगळेच ‘२२ ± २’ लिहितात. नवतपात बाहेर पारा ४५ च्या वर, दुपारी लाइट गेलेली, जनरेटर फक्त ऑफिसच्या ब्लॉकला. त्या दोन तासांत पिंजऱ्यात २२ असतं का, हे खरं सांगा.

रॅटला माणसासारखा घाम येत नाही. तो शेपटीतून उष्णता सोडतो आणि अंगावर लाळ फासतो. दुपारी पिंजऱ्यात बघा : रॅट एकमेकांना चिकटून बसायचं सोडून पोटावर पसरलेले, मान आणि छातीवरची लव ओली, पाण्याची बाटली रिकामी. अशा जनावराच्या यकृतात आणि आतड्यात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस नुसत्या उष्णतेनेच वाढतो. खाणं घटतं, आणि खाणं घटलं की आयुष्याशी निगडित बाकीचे आकडेही हलतात (प्रश्न १५).

एसीच्या जागी डेझर्ट कूलर लावणं हा उपाय नव्हे. आर्द्रता वर जाते, बिछान्याचा भुसा ओला राहतो, अमोनिया साठतो आणि फुप्फुसं बिघडतात. मिनिमम-मॅक्सिमम थर्मामीटर पिंजऱ्यांच्या रॅकवर टांगा, दाराजवळ नको. रोज दोन्ही आकडे वहीत लिहा. कंट्रोल गट आणि औषधाचा गट एकाच वेळी, एकाच रॅकवर चालवा. कंट्रोल जानेवारीत आणि टेस्ट मेमध्ये केला असेल, तर ते आकडे एकत्र मांडू नका. त्यावर संख्याशास्त्रात औषध नाही.

९. एसओडी वाढलं म्हणजे चांगलं की वाईट?

दोन्ही असू शकतं. ताण आला म्हणून पेशीने प्रथिन वाढवलं असेल, किंवा ताण नाही म्हणून शाबूत राहिलं असेल. ताण फार वाढला तर प्रथिनच मोडतं आणि आकडा घटतो. म्हणून एकट्या एसओडीवरून काही म्हणू नका. सोबत कॅटॅलेज, ग्लुटाथायोन (पेशी स्वतः बनवते तो छोटा अँटिऑक्सिडंट रेणू) आणि नुकसानीची निदान एक खरी खूण लागते. एसओडी वाढलं आणि कॅटॅलेज तेवढंच राहिलं, तर पेरॉक्साइड साठू शकतं, हे प्रश्न २ वरून ध्यानात येईल.

१०. एमडीएचा आकडा दरवेळी वेगळा का येतो?

कारण थायोबार्बिट्युरिक ॲसिडची ही चाचणी फक्त एमडीए मोजत नाही. उकळल्यावर येणारा, ५३२ नॅनोमीटरला वाचायचा गुलाबी रंग बिलिरुबिन, हिमोग्लोबिन, साखर यांच्यामुळेही बिघडतो. होमोजिनेट (वाटलेली ऊती) सुक्रोज बफरमध्ये केलं असेल तर दोष तिथेच शोधा. उकळताना नमुना नव्याने ऑक्सिडाइज होतो, म्हणून आधी बीएचटी (ऑक्सिडीकरण थांबवणारं रसायन) घाला.

रक्तपेशी फुटून सीरम लाल झालं असेल तर तो नमुना टाकून द्या. तांबड्या पेशींत एसओडी आणि कॅटॅलेज खच्चून भरलेलं असतं, सीरममध्ये त्याचा थेंब मिसळला तरी आकडा आभाळाला भिडतो. यकृत काढण्याआधी थंडगार सलाइनने रक्त धुऊन काढा, कडा फिकट तपकिरी झाल्या की पुरे. कॅटॅलेज २४० नॅनोमीटरला शून्य येत असेल तर बफरमध्ये कोणी सोडियम अझाइड घातलंय का ते विचारा. ते बुरशी थांबवतं आणि कॅटॅलेजही.

पैसे असतील तर एफ२-आयसोप्रोस्टेन मोजून घ्या. मेदांच्या ऑक्सिडीकरणासाठी ती खूण सगळ्यात भरवशाची मानली जाते.

११. डीपीपीएच चाचणीत आमच्या अर्काने जवळजवळ सगळा रंग घालवला. शरीरातही तसंच होईल?

डीपीपीएच हे जांभळं रसायन शरीरात कुठेच नसतं. परीक्षानळीत अर्क आणि रॅडिकल समोरासमोर असतात. पोटातून गेलेला अर्क आधी पचतो, यकृतात बदलतो आणि रक्तात अगदी कमी पोचतो. अनेक वनस्पतिज संयुगं प्रत्यक्षात रॅडिकल पकडून नव्हे, तर पेशीला किंचित डिवचून एनआरएफ२ नावाचा स्विच चालू करतात आणि पेशी स्वतःची प्रथिनं वाढवते, असं दिसतं. खाद्यपदार्थांची ‘ओरॅक’ क्रमवारी (नळीत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची) अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली, ती याच कारणासाठी : नळीतला आकडा शरीरातल्या परिणामाबद्दल काही सांगत नव्हता.

१२. आम्ही नागपूरकर, संत्री भरपूर खातो. रॅटला संत्र्याचा रस देऊन प्रयोग करता येईल का?

करता येईल, पण व्हिटॅमिन सी साठी रॅट हे चुकीचं जनावर. रॅट आणि माउस आपलं व्हिटॅमिन सी यकृतात स्वतः बनवतात. माणूस आणि गिनीपिग बनवू शकत नाहीत, त्यांच्यात शेवटच्या पायरीचं एन्झाइम मोडकं आहे. व्हिटॅमिनचा प्रश्न असेल तर गिनीपिग घ्या. रसाचा कंट्रोल म्हणून साधं पाणी चालत नाही, तेवढीच साखर आणि तेवढंच आम्ल असलेलं पाणी लागतं.

ज्येष्ठांसाठी : संत्रं खा, मृगाचं असो की आंबियाचं. फळ म्हणून ते चांगलंच आहे. आयुष्य वाढवायचं औषध म्हणून नको.

१३. हळद तरी?

भाजीत हवीच. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेचा एक कार्यक्रम तीन ठिकाणी एकाच वेळी माउसवर आयुर्मान तपासतो. तिथे करक्युमिन, ग्रीन टीचा अर्क आणि रेस्व्हेरॅट्रॉल, तिघांनीही आयुष्य वाढवलं नाही. तीन प्रयोगशाळांत एकच उत्तर येणं याला मी शंभर डीपीपीएचपेक्षा जास्त मानते.

१४. रोज व्यायाम करतो, सोबत व्हिटॅमिन सी आणि ई च्या गोळ्या घेतो. आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्या भावाला पण त्याच सुरू करू का?

दोन वेगळे प्रश्न, दोन्हींचं उत्तर ‘थांबा’.

व्यायामाने स्नायूत थोडा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस होतो आणि त्याच इशाऱ्यावर शरीर आपली प्रथिनं वाढवतं, इन्सुलिनला चांगला प्रतिसाद देतं. २००९ मध्ये जर्मनीत तरुण पुरुषांवर झालेल्या अभ्यासात रोज १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई घेणाऱ्यांमध्ये हा फायदा दिसेनासा झाला. फिरणं चालू ठेवा. गोळी डॉक्टरांनी एखाद्या कमतरतेसाठी दिली असेल तर ती गोष्ट वेगळी, ती आपल्या मनाने बंद करू नका.

खर्ऱ्यावर अशी चाचणी मला दाखवता येणार नाही. विडी-सिगारेटवाल्यांवर मात्र मोठ्या चाचण्या झाल्या. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा-कॅरोटीन वापरलं, १९९४ मध्ये निकाल आला : फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये मध्येच थांबवावी लागली. भावाला गोळी नको, खर्रा सोडायला मदत करा.

१५. मग प्राण्यांचं आयुष्य खरंच कशाने वाढतं?

१९३५ मध्ये मॅके यांनी रॅटचं खाणं कमी केलं, पोषण मात्र पुरेसं ठेवलं. रॅट जास्त जगले. रापामायसिन हे औषध २००९ मध्ये ६०० दिवसांच्या, म्हणजे उतारवयातल्या माउसना सुरू केलं, तरी नर-मादी दोघांचं आयुष्य वाढलं. ते अँटिऑक्सिडंट नाही, पेशीच्या वाढीचा एमटॉर नावाचा मार्ग ते दाबतं. ते प्रतिकारशक्तीही दाबतं, तेव्हा मेडिकलमध्ये जाऊन मागू नका.

१६. घरात सिकलसेलचा पेशंट आहे. त्यांच्यासाठीही अँटिऑक्सिडंट निरुपयोगी का?

हा खरा अपवाद, आणि विदर्भात तो घरोघरी विचारला जातो. सिकलसेलच्या तांबड्या पेशींत ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हा आजाराचाच भाग आहे. एल-ग्लुटामीनला अमेरिकेत २०१७ मध्ये सिकलसेलसाठी मान्यता मिळाली, ती याच विचारातून. पण तो एका रोगावरचा उपचार आहे, म्हातारपणावरचा नाही, आणि सुरू करायचा की नाही हे तुमचे डॉक्टर ठरवतील.

याच घरांत जी६पीडी या एन्झाइमची कमतरताही असू शकते. त्यात तांबडी पेशी ग्लुटाथायोन पुन्हा भरून काढू शकत नाही. अशा माणसाला शिरेतून मोठ्या मात्रेत दिलेलं व्हिटॅमिन सी उलट ऑक्सिडीकरण करून रक्तपेशी फोडू शकतं. मलेरियाच्या प्रायमाक्विनबाबतही तीच काळजी. ‘ग्लो’साठी ड्रिप लावून देणाऱ्या ठिकाणी जी६पीडी तपासलंय का, एवढं तरी विचारा.

१७. आयुर्मानाचा प्रयोग करायचाय, पण रॅट परवडत नाहीत आणि आयएईसी (संस्थेची प्राणी-नीती समिती) परवानगी देईल का माहीत नाही.

रॅट आपोआप मरेपर्यंत थांबणारा प्रस्ताव आयएईसीपुढे नेऊ नका. वजन किती टक्के घटलं, हालचाल कुठे थांबली की जनावराला वेदनारहित मरण द्यायचं, हे आधी लिहून द्यावं लागतं आणि तोच दिवस मृत्यूचा धरतात.

एम.एस्सी.च्या पातळीवर फळमाशी उत्तम. दोन-तीन महिन्यांत आयुष्य संपतं, रव्याच्या नाहीतर मक्याच्या खाद्यावर काचेच्या नळ्यांत शेकडो माश्या राहतात आणि आयुष्याचा पूर्ण आलेख हातात येतो. कॉटन मार्केटच्या पिकल्या केळ्यांवरून धरलेल्या माश्या चालणार नाहीत. माहितीच्या वंशाची जात मागवा, नर-मादी वेगळे ठेवा, दर दोन-तीन दिवसांनी नळी बदला आणि त्याच वेळी मेलेल्या मोजा. नळ्या बीओडी इन्क्युबेटरमध्ये (तापमान स्थिर ठेवणाऱ्या कपाटात) २५ अंशांवर ठेवा, टेबलावर नको. तापमान वाढलं की माशी लवकर मरते, आणि ३० अंशांच्या आसपास नर वांझ होतात, म्हणजे पुढची पिढीच मिळत नाही. एप्रिलच्या आसपास सुरू करणार असाल तर इन्क्युबेटरला इन्व्हर्टर जोडून घ्या.